घातश्रेणी: डेरिव्हेटिव्ह काढत बसण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅल्क्युलसमध्ये फलनाची (फंक्शनची) घातश्रेणी, म्हणजे पॉवर सिरीज, काढायला शिकवतात तेव्हा टेलरचं सूत्र, म्हणजे एकामागून एक डेरिव्हेटिव्ह काढून श्रेणीचे सहगुणक ठरवायचं सूत्र, हातात देतात. ते १/(१ + क्ष^२) ला लावायला गेलं की चौथ्या डेरिव्हेटिव्हपर्यंत पान भरून जातं. यापेक्षा सरळ वाट आहे का? आणि हे फलन सगळीकडे व्यवस्थित आहे, त्याचा छेद कुठेच शून्य होत नाही, तरी त्याची श्रेणी क्ष = १ च्या पुढे का चालत नाही?

मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो आहे आणि दुसरा प्रश्न कोणी आपणहून विचारला की मला मनापासून आनंद होतो. पण आधी पहिला घेतो, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. (क्ष^३ म्हणजे क्षचा तिसरा घात, आणि लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम, एवढं लक्षात ठेवा.)

सरळ वाट आहे, आणि ती भूमितीय श्रेणीतून जाते:

१/(१ − क्ष) = १ + क्ष + क्ष^२ + क्ष^३ + …

हे समीकरण सगळ्यांना पाठ असतं, पण ते कुठून येतं हे फार थोड्यांना आठवतं. कोणतंही अनंत बाजूला ठेवा आणि साधा भागाकार करा. तीन पदांनंतर थांबलात तर असं मिळतं:

१/(१ − क्ष) = १ + क्ष + क्ष^२ + क्ष^३/(१ − क्ष)

हे क्ष = १ सोडून प्रत्येक क्षसाठी खरं आहे. क्ष = २ घालून पाहा. डावीकडे −१. उजवीकडे १ + २ + ४ + ८/(−१), म्हणजे ७ − ८, म्हणजे −१. बरोबर जमतं! आता शेवटचं पद, म्हणजे बाकी, टाकून द्या आणि पदं वाढवत न्या: −१ = १ + २ + ४ + ८ + … असं काहीतरी हाती लागतं, जे उघड चूक आहे. चूक श्रेणीची नाही, बाकी टाकून देण्याची आहे. क्ष^न/(१ − क्ष) ही बाकी न वाढेल तशी शून्याकडे जात असेल तरच ती टाकता येते, आणि तसं |क्ष| < १ असतानाच होतं. |क्ष| < १ ही अट शेवटी कंसात लिहायची औपचारिकता नव्हे. समीकरण खरं ठरतं ते त्या अटीमुळेच. घातश्रेणीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ‘फलन = श्रेणी’ हे विधान कुठे खरं आहे ते सांगितल्याशिवाय पुरं होत नाही.

आता ही एक श्रेणी कशी ताणायची ते पाहू. १/(३ + २क्ष) घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे छेदात १ नसताना सूत्र लावून मोकळं होणं. आधी ३ बाहेर काढा:

१/(३ + २क्ष) = (१/३) · १/(१ − (−२क्ष/३))

आता सूत्रातल्या क्षच्या जागी −२क्ष/३ बसवा. श्रेणी मिळते १/३ − २क्ष/९ + ४क्ष^२/२७ − ८क्ष^३/८१ + … आणि अटही त्याच बदलासोबत आपोआप बदलते: |२क्ष/३| < १, म्हणजे |क्ष| < ३/२. अट वेगळी शोधायला जावं लागत नाही, ती श्रेणीबरोबरच चालत येते. आणि छेद शून्य कुठे होतो? क्ष = −३/२ ला. केंद्रापासून, म्हणजे ज्या बिंदूभोवती श्रेणी लिहिली त्या शून्यापासून, बरोबर ३/२ अंतरावर. हे लक्षात असू द्या, शेवटी कामाला येणार आहे.

केंद्र शून्यावर नसलं तरी युक्ती तीच. १/क्ष ची श्रेणी २ भोवती हवी असेल तर क्ष ला २ + (क्ष − २) असं लिहा आणि २ बाहेर काढा: (१/२) · १/(१ + (क्ष − २)/२). श्रेणी १/२ − (क्ष − २)/४ + (क्ष − २)^२/८ − … आणि ती |क्ष − २| < २ मध्ये, म्हणजे ० ते ४ च्या दरम्यान खरी. १/क्ष चं बिनसतं ० वर, आणि २ पासून ० चं अंतर २.

इथे एक शंका यायलाच हवी, आणि चांगल्या विद्यार्थ्याला ती येते. टेलरच्या सूत्राला बगल देऊन, बीजगणिताची कसरत करून आलेली ही श्रेणी तीच कशावरून? वेगळ्या वाटेने वेगळी श्रेणी आली तर? तसं होऊ शकत नाही. एखादं फलन एखाद्या केंद्राभोवतीच्या अंतरालात कोणत्याही घातश्रेणीइतकं असेल, तर केंद्र घालून पाहिलं की पहिला सहगुणक ठरतो, एकदा डेरिव्हेटिव्ह घेऊन केंद्र घातलं की दुसरा, आणि असंच पुढे. प्रत्येक सहगुणक ‘न-वा डेरिव्हेटिव्ह भागिले न क्रमगुणित’ इतकाच निघतो. म्हणजे श्रेणी एकच. कुठल्याही वाटेने या, पोचता तिथेच. पदवीच्या अभ्यासक्रमात हा सिद्धांत दोन ओळींत उरकतात, पण बाकीची सगळी मोकळीक त्याच्यामुळेच मिळते.

आणि तो उलटाही वापरता येतो. टॅन-इन्व्हर्सचा शून्यापाशी नववा डेरिव्हेटिव्ह किती? थेट काढायला बसलात तर संध्याकाळ जाईल. पण त्याच्या श्रेणीत क्ष^९ चा सहगुणक १/९ आहे (ती श्रेणी खाली येतेच आहे). म्हणून उत्तर ९!/९ = ८! = ४०३२०. मघाशी डेरिव्हेटिव्हवरून श्रेणी काढणं जड जात होतं, आता श्रेणीवरून डेरिव्हेटिव्ह फुकट मिळतो.

भूमितीय श्रेणीतून बाहेर पडायची पुढची दोन दारं म्हणजे पदश: डेरिव्हेटिव्ह घेणं आणि पदश: इंटिग्रेट करणं. घातश्रेणी तिच्या अभिसरण अंतरालाच्या आत (म्हणजे जिथे ती अभिसारी असते, तिची बेरीज एका ठरावीक संख्येवर स्थिरावते) अगदी बहुपदीसारखी वागवता येते. अनंत बेरजांच्या जगात ही सवलत सगळ्यांना मिळत नाही. १/(१ − क्ष) चा डेरिव्हेटिव्ह घेतला की १/(१ − क्ष)^२ = १ + २क्ष + ३क्ष^२ + ४क्ष^३ + …, आणि त्यात क्ष = १/२ घालून निम्मं केलं की १/२ + २/४ + ३/८ + ४/१६ + … = २ ही बेरीज हातात येते.

इंटिग्रेशनकडे मात्र जरा थांबून बघू, कारण वह्यांमध्ये सर्वांत जास्त लाल शाई तिथेच लागते. लॉग(५ − क्ष) ची श्रेणी हवी आहे. त्याचा डेरिव्हेटिव्ह −१/(५ − क्ष), म्हणजे −(१/५) · १/(१ − क्ष/५). श्रेणी लिहून प्रत्येक पद इंटिग्रेट केलं की:

−क्ष/५ − क्ष^२/(२·२५) − क्ष^३/(३·१२५) − क्ष^४/(४·६२५) − …

निम्मी वही इथे थांबलेली असते आणि खाली उत्तराभोवती चौकट काढलेली असते. मी शेजारी फक्त एवढंच लिहितो: ‘क्ष = ० घालून बघ.’ डावीकडे लॉग ५, उजवीकडे शून्य. स्थिरांक राहिला! तो लॉग ५ आहे. आता क्ष = १ घालून पडताळा घ्या. लॉग ५ म्हणजे १.६०९४३८. त्यातून ०.२, ०.०२, ०.००२६६७ आणि ०.०००४ वजा करा, १.३८६३७१ येतं. लॉग ४ ची खरी किंमत १.३८६२९४. चार पदांत तीन दशांश स्थळांपर्यंत आलो. श्रेणी काढल्यावर एक सोपी किंमत घालून पाहायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात चिन्हाची, स्थिरांकाची आणि घाताच्या मोजणीची चूक एकदमच पकडली जाते. ही सवय लावून घ्याच.

डेरिव्हेटिव्ह घेतला किंवा इंटिग्रेट केलं तरी अभिसरण त्रिज्या, म्हणजे केंद्रापासून श्रेणी जिथवर चालते ते अंतर, बदलत नाही. टोकांचं मात्र काही सांगता येत नाही, ती दर वेळी स्वतंत्र तपासावी लागतात. ज्या श्रेणीचं न-वं पद क्ष^न/न^२ आहे ती घ्या. ती १ आणि −१ या दोन्ही टोकांवर अभिसारी आहे. एक डेरिव्हेटिव्ह घ्या, आता १ वर ती अपसारी झाली, म्हणजे बेरीज स्थिरावेनाशी झाली, कारण तिथे १ + १/२ + १/३ + … उरते. −१ वर अजून तग धरून आहे. आणखी एक घ्या, दोन्ही टोकं गेली. त्रिज्या तिन्ही वेळा १ च. डेरिव्हेटिव्हने टोकं गळतात आणि इंटिग्रेशनने कधी कधी परत मिळतात, असं मी वर्गात सांगतो.

आता मूळ फलनाकडे. १/(१ + क्ष^२) साठी सूत्रात क्षच्या जागी −क्ष^२ घाला, संपलं:

१/(१ + क्ष^२) = १ − क्ष^२ + क्ष^४ − क्ष^६ + …, |क्ष| < १

जे काम टेलरच्या सूत्राने पानभर झालं नाही ते एका ओळीत झालं. इंटिग्रेट करा, स्थिरांक शून्य येतो:

टॅन-इन्व्हर्स क्ष = क्ष − क्ष^३/३ + क्ष^५/५ − क्ष^७/७ + …

या श्रेणीला ग्रेगरीचं (१६७१) आणि लायबनित्झचं नाव चिकटलं आहे, पण केरळातल्या माधव या गणितज्ञाच्या परंपरेत ती त्याच्या दोनअडीच शतकं आधीपासून होती. १५३० च्या सुमाराला ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात तिची उपपत्ती सविस्तर दिली आहे. मला त्यात सर्वांत भावतं ते हे की तिथलाही मार्ग मुळात हाच आहे: भागाकाराची भूमितीय श्रेणी करायची, आणि मग घातांच्या बेरजा एकेक करून घ्यायच्या. इंटिग्रेशनचं चिन्ह जन्मायच्या आधीचं हे इंटिग्रेशन आहे.

क्ष = १ हे टोक इथे परत मिळालं आहे. मूळ श्रेणी तिथे १ − १ + १ − १ अशी हेलकावत होती, आणि इंटिग्रेट केल्यावर १ − १/३ + १/५ − … अभिसारी झाली. तिची बेरीज खरोखर टॅन-इन्व्हर्स १ इतकीच आहे, म्हणजे पाय (π) भागिले ४, याची हमी आबेलचा सिद्धांत देतो: टोकावर श्रेणी अभिसारी असेल तर तिची बेरीज आतून येणाऱ्या किमतींशी सलग जुळते. पण ‘अभिसारी आहे’ आणि ‘उपयोगी आहे’ यांत फार अंतर आहे. शंभर पदं घेऊन चारने गुणलं तर पायची किंमत ३.१३१५९ येते, म्हणजे दुसरं दशांश स्थळसुद्धा चुकलेलं. टोकाऐवजी आतल्या बाजूला क्ष = १/√३ घ्या:

पाय = √१२ · (१ − १/९ + १/४५ − १/१८९ + १/७२९ − …)

सहा पदांत ३.१४१३१, सात पदांत ३.१४१६७, आणि पाय या दोन किमतींच्या मध्ये अडकलेला. √१२ ची ही श्रेणीही माधवाच्या परंपरेतलीच. श्रेणी काढून झाली की केंद्राच्या जितकं जवळ काम कराल तितकी पदं कमी लागतात. लॉग २ साठीही १ − १/२ + १/३ − … च्या नादी लागू नका. लॉग((१ + क्ष)/(१ − क्ष)) = २(क्ष + क्ष^३/३ + क्ष^५/५ + …) मध्ये क्ष = १/३ घाला. चार पदांत ०.६९३१३ येतं, खरी किंमत ०.६९३१५.

मग टेलरचं सूत्र लागतं कुठे? ई^क्ष, साइन, कोसाइन यांच्यापाशी. तिथे डेरिव्हेटिव्ह काढणं सोपं आहे आणि छेदातून काही काढण्यासारखंच नाही. पण एकदा ती तीन श्रेणी हातात आली की पुन्हा बदली करायचीच. ई^(−क्ष^२) चे डेरिव्हेटिव्ह काढू नका, ई^क्ष च्या श्रेणीत −क्ष^२ घाला आणि ० ते १ इंटिग्रेट करा: १ − १/३ + १/१० − १/४२ + १/२१६ − १/१३२०, बेरीज ०.७४६७. नेहमीच्या फलनांच्या भाषेत या इंटिग्रलला बंद सूत्रच नाही, आणि इथे ते सहा अपूर्णांकांत तीन दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतं.

टेलरचं सूत्र वापरताना एक धोका असतो तो सांगून ठेवतो. सूत्र तुम्हाला श्रेणी देतं, पण ती त्याच फलनाइतकी आहे असं म्हणत नाही. ई^(−१/क्ष^२), शून्यावर किंमत शून्य, हे कोशीचं उदाहरण पाहा. शून्यापाशी त्याचा प्रत्येक डेरिव्हेटिव्ह शून्य आहे. टेलर श्रेणी सगळी शून्यांची, सगळीकडे अभिसारी, आणि शून्य सोडून प्रत्येक ठिकाणी चुकीची! म्हणून टेलरने गेलात तर बाकी शून्याकडे जाते हे दाखवावं लागतं. भूमितीय श्रेणीतून आलात तर ते काम पहिल्याच पायरीला झालेलं असतं. मी दुसऱ्या वाटेचा आग्रह धरतो त्याचं हे खरं कारण आहे, नुसता वेळ वाचतो म्हणून नव्हे.

राहिला दुसरा प्रश्न: १/(१ + क्ष^२) ची श्रेणी १ ला का अडते? मघाच्या दोन्ही उदाहरणांत श्रेणी जिथे थांबली ते अंतर म्हणजे केंद्रापासून छेद शून्य होण्याच्या जागेचं अंतर होतं. १ + क्ष^२ वास्तव रेषेवर कुठेच शून्य होत नाही, पण ज्यांचा वर्ग −१ आहे अशा दोन संमिश्र संख्यांवर होतं. संमिश्र संख्यांच्या प्रतलात त्या दोघी शून्याच्या बरोबर वर आणि बरोबर खाली, एकेका एककावर आहेत. घातश्रेणी प्रतलात नेहमी वर्तुळात अभिसारी असते (त्रिज्या हा शब्द म्हणूनच आहे), आणि ते वर्तुळ त्या दोन बिंदूंना टेकलं की वाढायचं थांबतं. आपण रेषेवर उभे असतो म्हणून अडथळा दिसत नाही.

हे ऐकून बरेच जण मान डोलावतात, पण पटलेलं नसतं. म्हणून संमिश्र संख्यांना हात न लावता तपासू. केंद्र ० वरून १ वर न्या. १ पासून त्या वरच्या बिंदूचं अंतर पायथागोरसने √२ येतं, कारण एक एकक डावीकडे आणि एक वर. म्हणजे नवी त्रिज्या √२ यायला हवी. य = क्ष − १ धरा. छेद १ + (१ + य)^२ = २ + २य + य^२ होतो. आता

(२ + २य + य^२)(२ − २य + य^२) = (२ + य^२)^२ − ४य^२ = ४ + य^४

म्हणून आपलं फलन (२ − २य + य^२)/(४ + य^४) आहे. छेदातून ४ बाहेर काढा, आणि उरतं तेच जुनं:

(१/२ − य/२ + य^२/४) · (१ − य^४/४ + य^८/१६ − …)

कागदावर स्वतः गुणून पाहा. सहगुणक येतात १/२, −१/२, १/४, ०, −१/८, १/८, −१/१६, ०, १/३२ … दर चार पावलांनी चिन्ह बदलतं आणि आकार चतुर्थांश होतो. अट |य^४/४| < १, म्हणजे |य| < √२. नुसत्या वास्तव संख्यांच्या बीजगणितातून नेमकं तेच अंतर बाहेर आलं. ही श्रेणी क्ष = २ वर आरामात चालते, जिथे शून्याभोवतीची श्रेणी केव्हाच फुटलेली असते. तिथे य = १: कंसातली पहिली बेरीज १/४, दुसरी १/(१ + १/४) = ४/५, गुणाकार १/५. आणि १/(१ + ४) म्हणजे १/५ च.